वेल, मुखवटे आणि अर्धी सोडलेली आरेखने : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील चित्रपानावर सतराव्या शतकातील एक इटालियन आरेखन छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : या आरेखनात डाव्या बाजूला पानांची भरगच्च वेल आहे, मध्यभागी कमरेखाली पाने झालेला एक मनुष्य आहे, वेलीच्या वळशातून एक हिंस्र प्राणी अर्धा बाहेर आला आहे आणि खाली एक भेसूर मुखवटा आहे. उजवी बाजू मात्र जवळजवळ कोरी आहे. गंभीरपणे काम करणाऱ्या चित्रकारांनी असे अशक्य जीव का काढले असावेत, आणि चित्र अर्धेच का सोडले असावे? (पुणे)

उत्तर : हे जीव त्या चित्रकाराच्या लहरीतून आलेले नाहीत. इ. स. ६४ मध्ये रोम शहराला मोठी आग लागली आणि त्यानंतर सम्राट नीरोने शहराच्या मध्यभागी ‘सुवर्णगृह’ या नावाने ओळखला जाणारा अवाढव्य प्रासाद बांधला. त्याच्या पश्चात आलेल्या सम्राटांनी या प्रासादाची दालने मातीने बुजवून त्यांवर नवी बांधकामे केली. पुढे १४८०च्या सुमारास ही गाडलेली दालने पुन्हा सापडली, तेव्हा रोममधील चित्रकार वरून पाडलेल्या भोकांतून दोराने खाली उतरले आणि मातीच्या भरावामुळे अगदी हाताशी आलेल्या छतांवरील चित्रे दिव्याच्या उजेडात उतरवून घेऊ लागले. त्यांपैकी कित्येकांनी त्या छतांवर आपली नावे कोरून ठेवली आहेत. बारीक देठांवर उभी असलेली देवळे, पानांतून उगवलेली अर्धी माणसे, शेपटीची वेल झालेले पक्षी असे सारे त्या छतांवर होते. भुयारात सापडलेली चित्रे म्हणून, गुहेला इटालियनमध्ये ‘ग्रोत्ता’ म्हणतात त्यावरून, या प्रकाराला ग्रोटेस्क हे नाव पडले. राफाएल आणि त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने यांनी १५१९ मध्ये पूर्ण झालेल्या व्हॅटिकनमधील सज्ज्यात हीच नक्षी इतक्या सफाईने वापरली, की पुढे युरोपातील प्रत्येक दरबाराला ती हवीशी झाली.

आपल्याला पडलेला प्रश्न प्राचीन रोमनांनाही पडला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने वास्तुशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या नक्षीवर कडक टीका केली आहे. बोरूसारखी पोकळ काडी छप्पर पेलू शकत नाही आणि मऊ देठावर माणूस बसू शकत नाही, मग जे नाही आणि जे असू शकत नाही ते भिंतीवर का काढावे, असा त्याचा आक्षेप होता. पुढे १५६३ मध्ये कॅथलिक चर्चची ट्रेंट येथील धर्मपरिषद संपली आणि चर्चमधील चित्रांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. १५८२ मध्ये बोलोन्याचा धर्माधिकारी कार्डिनल पालेओत्ती याने धार्मिक चित्रांविषयीच्या ग्रंथात या नक्षीचा सविस्तर समाचार घेतला. त्याचे म्हणणेही थोडेफार तेच होते : चित्राने सत्य दाखवावे, आणि हे जीव असत्य आहेत.

इतका विरोध होऊनही हे जीव टिकले, याचे कारण माझ्या मते त्यांच्या विचित्रपणात नसून त्यांच्या मांडणीत आहे. म्हणून या आरेखनात आधी प्राणी पाहू नयेत, आधी देठ पाहावा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन. मध्यरेषेवर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या कण्यावर बोट ठेवून खाली या. कण्याची रेषा कमरेपाशी पानांच्या झालरीत शिरते, तेथे तिचे दोन भाग होतात, आणि ज्या दोन मांड्या असायला हव्या होत्या त्यांचे दोन देठ होऊन एक डावीकडे व एक उजवीकडे जातो. वेलीला दोन्ही बाजूंना फुटण्यासाठी मध्यभागी एक उगम लागतो आणि तो उगम म्हणून माणसाचे धड तेथे बसवले आहे. वळशाच्या पोटात एरवी एखादे फूल असते, कारण आत आत वळत जाणाऱ्या रेषेला कोठेतरी थांबावे लागते. त्या फुलाच्या जागी प्राण्याचे डोके आणि पुढचे पाय आले, की तीच रेषा थांबण्याऐवजी उसळी घेते. मुखवटा बहुधा अनेक रेषा एकत्र येतात त्या गाठीवर बसतो, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांतून किंवा मिशांतून नवे देठ निघतात. थोडक्यात, प्रत्येक अशक्य जीव वेलीच्या वाढीतील एखाद्या अवघड जागी नेमलेला आहे. कण्याची आणि देठाची रेषा एकच असल्यामुळे ज्या जीवावर बुद्धीचा विश्वास बसत नाही, त्यावर डोळ्याचा बसतो.

राफाएलच्या काळातील नक्षी पांढऱ्या पार्श्वभूमीवर विरळ, सपाट आणि हलकी असे. बरोक काळात, म्हणजे साधारण सतराव्या शतकात, ती मांसल झाली. पाने जाड झाली, त्यांच्या कडा मागे वळून सावल्या पाडू लागल्या, एका बाजूने प्रकाश येऊ लागला आणि धडांना स्नायू आले. फ्लॉरेन्सचा स्तेफानो देल्ला बेल्ला (१६१० ते १६६४) हा यातील माझा सर्वांत आवडता कलावंत. तो १६३९ ते १६५० या काळात पॅरिसमध्ये राहिला आणि तेथे त्याने नक्षीपट्ट्यांच्या व मजकूर लिहिण्यासाठी योजलेल्या शोभिवंत चौकटींच्या अनेक तांब्याच्या पत्र्यांवरील छापचित्रमालिका काढल्या. त्याची रेघ इतकी चपळ आहे, की पान कोठे संपले आणि आयाळ कोठे सुरू झाली हे भिंगाखाली धरूनही नेमके सांगता येत नाही. त्याच्याच पिढीतील फ्रेंच छापचित्रकार जाँ ल पोत्र याने २०००हून अधिक छापचित्रे केली. त्याच्या वेली इतक्या दाट असतात, की कधी कधी श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. तरीही चौकटी, छते, फुलदाण्या आणि चुलाणांची सजावट करणाऱ्या कारागिरांना त्याचा उपयोग सर्वांत अधिक झाला असावा.

आता अर्ध्या सोडलेल्या चित्राविषयी. आपण ज्याला चित्र समजत आहात ती कारागिराला दिलेली कामाची सूचना होती. नक्षी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर अर्धी पुरे, कारण दुसरी बाजू कागद उलटून मिळते. अशा कागदांवर मधोमध पट्टीने ओढलेली रेषा किंवा घडीची खूण बहुधा सापडते. कित्येकदा रेषेवर सुईने टोचलेली बारीक छिद्रे असतात. अंगणात ठिपके पाडण्यासाठी आपल्याकडे भोके पाडलेल्या कागदावरून रांगोळी फिरवतात, त्याच रीतीने तेथे कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्या छिद्रांवर आपटून आकृती भिंतीवर, लाकडावर किंवा दुसऱ्या कागदावर उतरवीत. काही कागदांवर मात्र दोन्ही बाजू भरलेल्या असतात, पण त्या सारख्या नसतात : डावीकडे मुखवट्याऐवजी शिंपला असतो, उजवीकडे गरुड असतो. असे कागद ग्राहकासमोर ठेवून त्याला दोहोंतून निवड करायला सांगत. चित्रपानावरील आरेखनात उजवीकडे खडूच्या दोन-तीन पुसट रेषा आपल्याला दिसल्या असतील. चित्रकाराने तेथे दुसरा पर्याय योजायला घेतला आणि मग सोडून दिला असावा, असे मला वाटते. काम संपल्यावर हे कागद कार्यशाळेतच पडून राहत, हाताळून फाटत आणि शेवटी फेकले जात. म्हणून जे वाचले आहेत त्यांवरचे डाग आणि चिरा मला चित्राइतक्याच मोलाच्या वाटतात.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या चांदीचे काम आहे. कागदावरची अशी वेल आणि असे चेहरे चांदीत कसे उतरवीत? (हुपरी)

उत्तर : हा प्रश्न हुपरीहून यावा याचा मला विशेष आनंद झाला, कारण बरोक काळातील या आरेखनांचा फार मोठा भाग सोनार आणि चांदी कारागीर यांनी स्वतः काढलेला किंवा त्यांच्यासाठी काढलेला आहे. न्यूरेंबर्गचा सोनार क्रिस्टॉफ यामनित्झर याने १६१० मध्ये केवळ ग्रोटेस्क आकृतींचे एक पुस्तक छापून काढले. त्यात कीटक, मासे, गोगलगायी, अवजारे आणि पाने यांची सरमिसळ करून बनवलेले जीव आहेत.

पद्धतीचा गाभा आपल्या ओळखीचाच आहे. चांदीचा पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून उठाव आणायचा, मग पुढून बारीक अवजारांनी कडा, शिरा आणि केस काढायचे, आणि धातू कडक झाला की पुन्हा तापवून मऊ करायचा. मुखवटे आणि मुठी पुष्कळदा वेगळ्या ओतून नंतर जोडीत. मात्र हॉलंडमधील उट्रेख्ट शहरातील आडाम व्हान व्हियानेन याने १६१४ मध्ये जे केले, ते आजही थक्क करणारे आहे. त्याचा भाऊ पाउलुस हा सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या प्राग येथील दरबारात सोनार होता आणि १६१३ मध्ये तेथेच वारला. त्याच्या स्मरणार्थ ॲम्स्टरडॅमच्या चांदी कारागिरांच्या संघाने आडामकडून एक झाकणाची सुरई करवून घेतली. उट्रेख्टच्या माणसाला ॲम्स्टरडॅमच्या संघाने असे काम द्यावे, यातच त्याची योग्यता दिसते. ही सोन्याचा मुलामा दिलेली सुरई ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. खाली उकिडवे बसलेले एक माकड आपल्या अंगावर सारा भार घेऊन आहे आणि त्यावर सुरईचे पोट वितळत्या मेणासारखे लाटा घेत वर चढते. त्या लाटांकडे पाहत राहिले की त्यांत चेहरे दिसू लागतात आणि पुन्हा विरून जातात. ओतीव तुकडे जोडण्याचा सोपा मार्ग सोडून आडामने ही सुरई एकाच पत्र्यातून ठोकून काढली आहे. ज्याने एकदा तरी पत्रा ठोकून वर उठवला असेल, त्याला या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको.

या शैलीत पानही उरत नाही. कानाच्या पाळीसारखी मऊ, कूर्चेसारखी वळणे एवढेच राहते. म्हणून तिचे आरेखनही कठीण असते, कारण रेघेने कड दाखवता येते, पण जिला कडच नाही अशी वस्तू दाखवायला छायेचाच आधार घ्यावा लागतो. आडामचा मुलगा क्रिस्टियान याने वडिलांच्या कल्पनांची छापचित्रे १६५०च्या सुमारास प्रसिद्ध केली. आपल्या कार्यशाळेत लावायला एकच चित्र निवडायचे असेल, तर त्या मालिकेतले निवडा.

प्रश्न : आपल्या मंदिरांवरील कीर्तिमुख आणि युरोपातील हे मुखवटे यांचे मूळ एकच आहे का? गोव्यात बरोक नक्षी कोठे पाहता येईल? (मडगाव)

उत्तर : दोघांचे मूळ एक मानण्यास आधार नाही. साम्य आहे ते रचनेचे : दोन्हीकडे उघड्या जबड्याचा चेहरा मध्यभागी असतो आणि त्याच्या तोंडातून वेल किंवा माळ निघते. परंतु कीर्तिमुखामागे शिव आणि स्वतःचेच शरीर खाणारा तो गण अशी कथा आहे, उंबऱ्यावर व तोरणावर त्याची जागा ठरलेली आहे आणि त्याला संरक्षकाचे काम आहे. बरोक मुखवट्याला बहुतेक वेळा कथाच नसते. तो कपाटाच्या कुलपावर बसतो, कारंज्याच्या तोंडावर बसतो, थडग्याच्या चौकटीवरही बसतो आणि कोठेही परका वाटत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील प्राण्यांविषयीही काही वाचक विचारतात. ते सुंदर आहेत, त्यांत सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे, पण १८८८ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत गॉथिक पुनरुज्जीवनाच्या शैलीतली आहे आणि त्या प्राण्यांची वंशावळ मध्ययुगीन युरोपीय चर्चकडे जाते.

गोव्यात मात्र अस्सल बरोक आहे आणि त्याचा एक भाग थेट फ्लॉरेन्सहून आलेला आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातीलच कारागिरांनी घडवली. ती ज्या संगमरवरी व रंगीत दगडांच्या चबुतऱ्यावर ठेवली आहे, तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याची भेट आहे. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने त्याची योजना केली, फ्लॉरेन्समध्ये तो घडला, सुटे भाग समुद्रमार्गे आले आणि १६९८ मध्ये गोव्यात त्याची जुळणी झाली. गर्दीत लोक वरच्या पेटीकडे पाहतात. आपण खाली पाहा, ब्राँझच्या चार उठावचित्रांच्या भोवती दगडाच्या कडा कशा वळवल्या आहेत ते पाहा, आणि मग मान वर करून चांदीचे काम पाहा. फ्लॉरेन्सचा हात आणि गोव्याचा हात एकावर एक असे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतात. त्याच चर्चमधील प्रवचनपीठाच्या खालच्या बाजूस ते पेलून धरणाऱ्या सात आकृती कोरल्या आहेत, त्यांनाही वेळ द्या. पोर्तुगीज काळात गोव्यात घडलेल्या लाकडी कपाटांच्या पायांना नाग-नागिणींची अर्धी मानवी रूपे दिलेली आढळतात. आधी ज्या पानांच्या माणसाविषयी लिहिले, त्याचे काम येथे आपल्या ओळखीच्या नागकन्येने हाती घेतले आहे.

प्रश्न : फ्रेंच आरेखनांत कपडे घातलेली माकडे दिसतात. ती कोणाची थट्टा म्हणून काढली आहेत का? (नागपूर)

उत्तर : माणसाच्या रीतिभातीची हलकी थट्टा त्यांत आहे, पण ती कोणा एकाची नाही. चौदाव्या लुईच्या दरबारात १६७४ पासून आरेखक म्हणून नेमलेला जाँ बेरँ (१६४० ते १७११) याने जड पानांची वेल पुन्हा बारीक केली. पट्ट्या, जाळ्या आणि नाजूक मंडप यांच्या चौकटीत त्याने डोंबारी, वादक आणि माकडे बसवली. त्याच्या धर्तीवर बोव्हे येथे विणलेल्या भित्तिपटांत हत्ती आणि उंटही आले. १७०९ मध्ये क्लोद ओद्राँ याने राजाच्या मार्ली येथील प्रासादासाठी मेजावर बसलेली माकडे रंगवली. पुढील रोकोको शैलीत ही माकडे फारच बोकाळली. बेरँच्या हाती त्यांना जो तोल होता, तो नंतर राहिला नाही असे माझे मत आहे.

प्रश्न : ही सारी आरेखने तपकिरी शाईतच का असतात? (सोलापूर)

उत्तर : पुष्कळदा ती काढताना काळपटच होती. मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून केलेली शाई प्रथम काळी दिसते आणि वर्षे उलटतात तशी तपकिरी होत जाते. ती दाट लावली असेल तर कागद खाऊनही टाकते, म्हणून काही मुखवट्यांचे डोळे आज अक्षरशः भोके झालेली आहेत. लाकडाच्या काजळीपासून केलेली दुसरी शाई मुळातच तपकिरी असे आणि ती पाण्यात पातळ करून सावल्यांसाठी वापरीत.

प्रश्न : मला अशी वेल काढायला शिकायचे आहे. सुरुवात कशाने करावी? (रत्नागिरी)

उत्तर : आधी पानाची ओळख करून घ्या. युरोपीय नक्षीतील हे पान भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या अकँथसचे आहे. आपण रत्नागिरीत आहात, तेव्हा खाडीकाठच्या कांदळवनात काटेरी पानांची मारांडी पाहू शकाल. ती याच प्रजातीतील दुसरी जात आहे. तिच्या पानाची कड कशी वळते आणि प्रत्येक काट्यापर्यंत शीर कशी जाते, हे दोन-तीन पानांवरून काढून पाहा.

त्यानंतर पाने पूर्ण विसरून केवळ देठ काढा. खडूने किंवा मऊ पेन्सिलीने, मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवून, आत वळत जाणारा एक वळसा काढा. त्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसरा वळसा उलट दिशेने निघू द्या, आणि दुसरा पहिल्याला जेथे सोडतो तेथे दोन्ही रेषा काही अंतर एकमेकींना लागून चालल्या पाहिजेत. फांदी काटकोनात फुटली की वेल मेली असे समजा. जेथे नवा देठ फुटतो तेथे एक पान आवरणासारखे गुंडाळा, म्हणजे जोड झाकला जातो आणि देठ त्या पानातून उगवल्यासारखा दिसतो. जुन्या आरेखनांत हा जोड सर्वांत काळजीपूर्वक काढलेला असतो. देठ जसजसा आत जाईल तसतसा बारीक होऊ द्या, पण वळशांमधील मोकळी जागा सर्वत्र सारखी भासली पाहिजे. कागद उलटा धरून पाहिल्यास ती कोठे दाटली आहे ते लगेच कळते.

अशा देठांची सवय झाल्यावरच पाने घाला, आणि प्रत्येक पानाची मधली शीर आधी काढा, कड नंतर. प्राण्यांची घाई करू नका. जेव्हा घालाल तेव्हा डोक्यापासून सुरुवात न करता वळशाची रेषा पुढे नेऊन तिचाच मानेचा कणा करा, आणि डोके शेवटी बसवा. सरावासाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर देल्ला बेल्लाच्या छापचित्रांच्या मोठ्या प्रतिमा पाहता येतात. २०१७ पासून त्या संग्रहालयाने हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा वापरासाठी खुल्या केल्या आहेत. त्यातील एखादी पट्टी घ्या, तिचा डावा अर्धा भाग पातळ कागदावर उतरवा, आणि उजवा अर्धा मूळ चित्र न पाहता स्वतः पुरा करा.